मंडईच्या दिवशी लिहिलेलं मृत्युपत्र

पवनीच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली तुलाराम भुरे यांचं टेबल आहे. त्याचे तीन पाय लाकडाचे आणि चौथा विटांचा. टेबलावर जुना टाइपरायटर, त्यावर झाकायला बायकोच्या, म्हणजे निर्मलाबाईंच्या, लुगड्याचा तुकडा, आणि झाडाच्या बुंध्याला तारेनं बांधलेली पत्र्याची पाटी. पाटीवर नाव, नावाखाली ‘अर्जनवीस’ आणि त्याखाली ‘बिनचूक काम’. पेंटरनं पहिल्यांदा ‘काम’ मोठं काढलं होतं. तुलारामजींनी पाटी परत पाठवून ‘बिनचूक’ मोठं करून घेतलं.

समोर आता संगणकाची दोन दुकानं झाली आहेत. तिथं अर्ज पाच मिनिटांत निघतो आणि डोक्यावर पंखाही फिरतो. तरी खेड्यातून आलेला माणूस रस्ता ओलांडून कडुलिंबाखालीच येऊन बसतो, कारण तुलारामजी आधी ऐकून घेतात. भावानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला इथून सुरू झालेली गोष्ट आजीच्या लग्नापर्यंत गेली तरी ते मध्ये तोडत नाहीत. सगळं ओकून झालं की विचारतात, “आता सांगा, कागद कायचा पायजे?” तोवर माणसाचा अर्धा राग उतरलेला असतो. कित्येक जण तर कागद न करताच परत गेले आहेत. धंद्याचं नुकसान म्हणावं, तर ते तसं आहेच, पण त्याचं त्यांना कधी दुःख झालं नाही.

हे काम त्यांना शिकवलं जुन्या अर्जनविसांनी, ज्यांना सगळी पवनी उस्ताद म्हणायची. उस्तादांचे नियम दोनच. पहिला, सातबारा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जमिनीच्या कागदाला हात लावायचा नाही. दुसरा, नुसता नंबर लिहून थांबायचं नाही. शेताचं गावात चालणारं नाव आणि चारी बाजूंना कोण आहे, हेही लिहायचं. आमच्याकडे धानाच्या प्रत्येक बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या शेताला, नाव असतं, जसं घरातल्या गाईला असतं. उस्ताद म्हणत, “नंबर सरकार बदलवते, नाव कोणी बदलवत नाही.” तुलारामजींनी चाळीस वर्षं दोन्ही नियम पाळले. एकदाच पहिला मोडला, आणि तेवढ्यानं त्यांची पाच वर्षांची झोप उडवली.

तो दिवस होता बारा नोव्हेंबर दोन हजार अठराचा, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास पिंपळटोलीचे लक्ष्मणराव लांजेवार टेबलाजवळ आले. सोबत गावचाच जागेश्वर होता. लक्ष्मणरावांचं वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आणि मिशा त्या दिवशी सकाळीच सफाचट केलेल्या. ते आणि तुलारामजी तरुणपणचे दंडारीतले, म्हणजे गावच्या नाच-सोंगांच्या खेळातले, जोडीदार. एक नाचायचा, दुसरा ढोलकी धरायचा. लक्ष्मणरावांना मूलबाळ नव्हतं. आनंदाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. घरात होती राखी, आनंदाबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई गेल्यावर सहा वर्षांची असताना या घरात आली, इथंच वाढली, गावातच लग्न होऊन राहिली, आणि आनंदाबाईंच्या शेवटच्या दुखण्यात तिनंच त्यांचं सगळं केलं.

लक्ष्मणरावांचं म्हणणं सरळ होतं. जमीन पुतण्याला, चंद्रकुमारला जाऊ दे, तो लांजेवारांचा वारस आहे. पण तलावाखालची चिचबांधी तेवढी राखीला. चिचबांधी म्हणजे दीड एकराची बांधी, धुऱ्यावर चिंचेचं मोठं झाड. आनंदाबाईंनी तिथं चाळीस वर्षं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केला होता. बाईच्या हातची बांधी बाईच्याच हातात राहावी, एवढीच लक्ष्मणरावांची इच्छा.

तुलारामजींनी नियमानं सातबारा मागितला. लक्ष्मणरावांनी आणला नव्हता. म्हणाले, लिव ना, नंबर मले पाठ हाये, सत्त्याऐंशी. आता इथं तुलारामजींनी त्यांना तलाठ्याकडे पाठवायला हवं होतं. एरवी ते खुद्द तहसीलदाराला पाठवायला कमी करणारे नव्हेत. पण त्या दिवशी पिंपळटोलीची मंडई होती.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, म्हणून पाहुण्यांना सगळ्या मंडया करता येतात. जिलेबी, पाळणे, बांगड्या, आणि दुपारी दंडार. लक्ष्मणराव दहा वर्षांनी पुन्हा गवळणीचं सोंग घेणार होते. मिशा त्यासाठीच उतरवल्या होत्या. आणि ढोलकीवर बसणार होते तुलाराम भुरे. ही गोष्ट निर्मलाबाईंना ठाऊक नव्हती. त्यांची भाऊबीज राहिली होती आणि त्या दिवशी दोघांनी मिळून अड्याळला त्यांच्या भावाकडे जायचं ठरलं होतं. तुलारामजींनी सकाळी गंभीर तोंड करून सांगितलं की कचेरीत कामाचा डोंगर आहे, तू एकटीच जा. बिचाऱ्या एकट्या एसटीनं गेल्या.

तेव्हा अर्ध्या तासात मृत्युपत्र टाइप झालं. नंबर सत्त्याऐंशी. नाव चिचबांधी. पूर्वेला तलावाचा पाट, पश्चिमेला पुतण्या चंद्रकुमारची बांधी, उत्तरेला चिंचेचा धुरा, दक्षिणेला गाडरस्ता. लक्ष्मणरावांनी वाचून सही केली. जागेश्वर आणि तुलारामजींनी त्यांच्यादेखत साक्षीदार म्हणून सह्या केल्या. नोंदणी पुढच्या आठवड्यात करू म्हणाले, आणि एका मोटरसायकलवर तिघं म्हातारे ढोलकीसकट पिंपळटोलीला निघाले.

पुढचा आठवडा कधी आलाच नाही. पंधरा दिवसांनी लक्ष्मणरावांना लकवा मारला, ते माणसं ओळखेनासे झाले, आणि माघात गेले. तेरवीनंतर राखीनं कागद काढला आणि दोनच महिन्यांत चंद्रकुमारनं पवनीच्या कोर्टात दावा लावला की मृत्युपत्र बनावट आहे.

त्याची कारणं दोन. एक, काकांचं डोकं दिवाळीच्या आधीपासूनच ठिकाणावर नव्हतं. दुसरं कारण मात्र थेट तुलारामजींच्या कामावर बोट ठेवणारं होतं. सत्त्याऐंशी हा नंबर चिचबांधीचा नव्हताच. तो होता जुना. फार वर्षांपूर्वी गावाची गटवारी झाली तेव्हा सगळे नंबर बदलले, चिचबांधीला दुसरा मिळाला आणि सत्त्याऐंशी गेला पिंपळटोलीच्या स्मशानाला. लक्ष्मणरावांच्या तोंडात मात्र बापाच्या वेळचा नंबर बसलेला. म्हणजे कागदानुसार त्यांनी राखीला गावचं स्मशान दिलं होतं. चहाच्या टपरीवर लोक हसायचे, लक्ष्मणबुढ्यानं पोट्टीले चांगली सोय करून देल्ली म्हणायचे. राखीच्या कानावर ते जायचं.

दाव्याच्या तारखा पडत गेल्या. मध्ये कोरोना आला, त्यात जागेश्वर गेला. आता मृत्युपत्र शाबीत करायला जिवंत साक्षीदार उरला एकच. राखीच्या वकील खुशबू रहांगडाले, भंडाऱ्याची तरुण मुलगी, बोलायला मऊ आणि कामाला चोख. तिनं तुलारामजींना समोर बसवून विचारलं, काकाजी, सातबारा का नाही पाहिला? त्यांनी सांगितलं की तलाठी जागेवर नसेल. ते ‘नसेल’ तिनं बरोबर हेरलं. ती म्हणाली, कोर्टात फक्त जे झालं ते सांगा, बाकी मी पाहते. त्यांनी मान हलवली, पण घरी आल्यावर दोन दिवस त्यांचं जेवणात मन लागलं नाही.

त्यांच्यापुढे वाट सोपी होती, हेच अवघड होतं. लक्ष्मणराव गेले, जागेश्वर गेला. लक्ष्मणभाऊंनी सातबारा दाखवला होता, त्यावरच तो नंबर होता, असं ठोकून दिलं की झालं. पाटीवरचं ‘बिनचूक’ शाबूत. मंडईची गोष्ट निर्मलाबाईंपर्यंतही जाणार नाही. पण मग चूक मेलेल्या माणसाच्या माथी जाते, आणि ज्याला स्वतःचं शेत कळत नव्हतं त्याचं मृत्युपत्र कोर्ट कशाला मानेल? पाटी वाचवावी तर बांधी जाते, बांधी वाचवावी तर पाटी. चाळीस वर्षांत लोकांना ‘खरं सांगा, कागद खऱ्यावरच टिकते’ असं सांगणाऱ्या माणसाला हा हिशेब एका रात्रीत कळायला हवा होता. त्यांना तीन रात्री लागल्या. ते काही संत नव्हेत.

उलटतपासणीच्या दिवशी, दोन हजार तेवीसच्या भादव्यात, निर्मलाबाई इस्त्रीचं पातळ नेसून कोर्टात येऊन बसल्या. नवऱ्याला पिंजऱ्यात बोलताना पाहायची त्यांची हौस. तुलारामजींनी त्यांना घरी राहण्याबद्दल परोपरीनं सुचवून पाहिलं. त्यामुळे त्या हटकून आल्या. राखी मागच्या बाकावर होती. पुढे चंद्रकुमार, पांढरा सदरा, डोळे जमिनीवर.

चंद्रकुमारचे वकील मोठे हुशार. त्यांनी सुरुवात पाटीपासूनच केली. तुमच्या पाटीवर बिनचूक असं लिहिलं आहे ना? आहे जी. सातबारा पाहिल्याशिवाय तुम्ही कागद करत नाही, खरं ना? खरं हाये जी. मग या कागदाच्या वेळी पाहिला? तुलारामजींनी एकदा राखीकडे पाहिलं. तिच्या हातावर चिखलाचे वाळलेले ठिपके होते, सकाळी बांधीवर जाऊन आली असावी. ते म्हणाले, “नाही पायला. चूक माही हाये. लक्ष्मणभाऊनं जुना नंबर सांगतला अना म्या तसाच लिवला.”

कोर्टात कुजबुज झाली. कचेरीसमोरचे दोन अर्जनवीस मुद्दाम ऐकायला आले होते, त्यांनी एकमेकांना कोपर मारलं. तुलारामजींचे कान तापले, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं हलकंही वाटलं. वकिलांनी इथं थांबायला हवं होतं. त्यांना हवं ते मिळालं होतं. पण समोरचा माणूस खाली पडलेला पाहून त्यांना आणखी एक लाथ मारायचा मोह झाला. त्यांनी विचारलं, “चाळीस वर्षांचा नियम मोडण्याइतकी कसली एवढी घाई होती तुम्हाला?”

तुलारामजींनी निर्मलाबाईंकडे पाहायचं टाळलं.

“मंडई होती जी,” ते म्हणाले. “पिंपळटोलीची. मले ढोलकी वाजवाची होती.”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश साहेबांनीही तोंडावर हात धरला. निर्मलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. वकिलांनी हसतच विचारलं, म्हणजे ढोलकीसाठी एका आजारी म्हाताऱ्याकडून घाईघाईत सही घेतलीत?

“आजारी कायचे? गवळणीचं सोंग तेईनंच त घेतलं. अर्धा तास नाचले, पुरी गवळण म्हनली, एक ओळ भुलले नाही. मंग स्टेजवर तेईचा सत्कार झाला. शाल चंद्रकुमारभाऊनंच देल्ली. मंडईचे अध्यक्ष तेच होते.”

हसू मध्येच थांबलं. चंद्रकुमारनं मान वर केली आणि पहिल्यांदा तुलारामजींकडे सरळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता, एकदम काहीतरी आठवलेल्या माणसाचा होता. आणि खरंच, पाच वर्षांत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. कागदावर होती बारा नोव्हेंबर. गावात मंडईला तारीख नसते, मंडई ही मंडई असते. काकांचा नाच पिंपळटोलीतल्या पोरासोरांना आठवत होता, आणि बारा नोव्हेंबर फक्त वकिलांना. दोन्ही एकच दिवस आहेत, हे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो बायकोच्या भीतीनं गप्प बसला होता.

खुशबूताईंनी चंद्रकुमारला पुन्हा पिंजऱ्यात बोलवायची परवानगी मागितली. पुढच्या तारखेला राखीनं एक कागद आणला. मंडईचं छापील पत्रक. तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली पाच वर्षं अंथरलेलं, तेलाचे गोल डाग पडलेलं. वर तारीख बारा नोव्हेंबर, वार सोमवार, आणि खाली अध्यक्षांचा फोटो, हात जोडून हसणारा चंद्रकुमार.

खुशबूताईंनी पत्रक त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, सत्कार तुम्हीच केला होता का? त्यानं त्या डागाळलेल्या कागदावरचा आपला फोटो पाहिला. त्याचे वकील त्याला डोळ्यांनी खुणावत होते, ‘आठवत नाही’ म्हण म्हणून. तो म्हणाला, “होय जी. म्याच केल्ला. काकाजी तवा एकदम चांगले होते.” मग कुणी न विचारताच म्हणाला, “मले म्हने, चंदू, आता मी मेलो तरी चालते.” त्या क्षणी तुलारामजींचा त्याच्यावरचा सगळा राग गेला. पोरगा वाईट नव्हता. बिछान्यावरचे काका त्याच्या मनात इतके बसले होते की नाचणारे काका विसरून गेला होता. वर कुणीतरी कान फुंकणारं भेटलं, एवढंच.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात निकाल लागला. मृत्युपत्र खरं. लिहिणारा शुद्धीवर होता. नंबर चुकला असला तरी चिचबांधी हे नाव आणि चारी सीमा इतक्या स्पष्ट आहेत की देणाऱ्याला कोणती बांधी द्यायची होती याबद्दल शंका राहत नाही, आणि पश्चिमेची बांधी स्वतः वादीचीच आहे. खुशबूताईंनी निकालातला तो भाग टेबलाजवळ येऊन मोठ्यानं वाचून दाखवला. तुलारामजींना उस्तादांची फार आठवण झाली. एक नियम मोडला होता, दुसऱ्यानं सांभाळून घेतलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का ते इकडेतिकडे पाहिलं.

चंद्रकुमारनं अपील केलं नाही. त्या वर्षी चिचबांधीचा रोवणा राखीनं केला, तेव्हा चिखलणीला ट्रॅक्टर त्याचाच होता. दोघं अजून फारसे बोलत नाहीत, पण चंद्रकुमार पाटाचं पाणी आधी तिच्या बांधीत सोडतो आणि मग आपल्या. आमच्याकडे याला बोलणंच म्हणतात.

धान निघाल्यावर राखी नव्या तांदळाची चुंगडी घेऊन भुऱ्यांच्या घरी आली. तुलारामजींनी घ्यायला नको म्हटलं. ती म्हणाली, “ठेवा काकाजी. तुमच्या चुकीचा हाये थो.” तो भात निर्मलाबाईंनी दोनदा मागून खाल्ला.

आता निर्मलाबाईंचं काय झालं, ते सांगायला हवं. साक्षीच्या दिवशी त्या घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाल्या की अड्याळच्या एसटीत त्या दिवशी त्यांना उभं राहून जावं लागलं होतं. बस, तेवढंच. मात्र तेव्हापासून दर मंडईला त्या सोबत असतात आणि ढोलकीच्या अगदी समोर बसतात.

पाटीचंही सांगतो. निकालाच्या आधीच, साक्ष झाली त्याच आठवड्यात, तुलारामजींनी काळ्या रंगाची डबी आणून ‘बिनचूक’ शब्दावर स्वतः ब्रश फिरवला. आता धंदा बसणार, असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. लोक आधीपेक्षा जास्त यायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावर सांगितलं की जो कोर्टात सोताची चूक सांगते, तो आपल्या कागदातली लपवनार नाही. तुलारामजींना हे बोलणं इतकं आवडलं की ते त्या महिन्यात प्रत्येकाला ऐकवत होते.

मागच्या कार्तिकात एका सकाळी त्यांनी टेबल न लावता टाइपरायटरच घरी आणला. अंगणात चटई टाकली, कागद चढवला आणि निर्मलाबाईंना समोर बोलावलं. घर आणि मागची अर्ध्या एकराची बांधी तुझ्या नावानं लिहून ठेवतो म्हणाले, माणसाचा काय भरवसा. निर्मलाबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या खाली बसल्या. डोळे भरले होते, पण आवाज करडा होता. म्हणाल्या, “पयले सातबारा दाखवा.”

त्यांनी पिशवीतून सातबारा काढून दिला, कालच तलाठ्याकडून आणलेला. निर्मलाबाई प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून नंबराचा एक एक आकडा वाचला, मग टाइपरायटरवरच्या कागदाशी ताडून पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. जुळला. तरी त्यांनी सातबारा खाली ठेवला नाही. चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, “अजी, आज कोठी मंडई त नाही ना?”